दिव्यांचं झाड आणि घाटापलीकडची सुईण

राजेही होते आणि फटफट्याही होत्या, अशा एका फार जुन्या काळातली ही गोष्ट.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. राजाचं टपाल घाटापलीकडे पोचवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्या गावाकडे होतं. दारोदारी फटफटी होती. सकाळी सगळ्या मिळून घाट चढू लागल्या की खाली विहिरीतलं पाणी थरथरायचं.

पुढे कुणीतरी राजाच्या कानात सांगितलं, की कबुतरं मूठभर दाण्यावर तेच काम करतात आणि पेट्रोल मागत नाहीत. राजाने टपाल कबुतरांकडे दिलं. फटफट्या अंगणात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. त्यांच्यावर वाळवण पडू लागलं, कोंबड्या बसू लागल्या, आणि मग गंज आला.

गावात गेनबा नावाचा मिस्त्री होता. फटफट्यांच्या दुरुस्तीत त्याचा जन्म गेला होता. काम संपलं तेव्हा तो बरेच दिवस नुसता ओट्यावर बसून राहिला. एकदा हाताला चाळा म्हणून त्याने एक जुनं चाक घासलं, पुसलं, घरात आढ्याला आडवं टांगलं आणि त्यावर पणत्या ठेवल्या. तिन्हीसांजेला बायकोने, चिमाने, त्या पेटवल्या. वारा आला, चाक हळूच फिरलं, आणि सारवलेल्या भिंतींवरून आऱ्यांच्या लांब लांब सावल्या चालू लागल्या. सगळं घरच कुठेतरी निघाल्यासारखं वाटलं. दोघं जेवायचं विसरून वर बघत बसली.

मग गाव त्याच्या दारात आलं. जो तो आपली मेलेली फटफटी घेऊन आला. गेनबाने साखळीची तोरणं केली, दात्यांच्या चाकांची घड्याळं केली. तेलीणकाकूंना पुढच्या दिव्याच्या वाटीत मोगरा लावून दिला. शिंप्याच्या दारावर त्याने रंगवलेली टाकी बसवली, ती लांबून पाहणाऱ्याला झोपलेल्या मोरासारखी दिसायची. परगावचे लोक वाट वाकडी करून ती घरं बघायला येत आणि बोलायचं थांबत.

गेनबाची एक रीत होती. कुठल्याही भागाला तो भोक पाडायचा नाही, कापायचा नाही, जाळ लावायचा नाही. नट, बोल्ट आणि तार, एवढ्यावर त्याचं सगळं काम.

शिंपी त्याला चिडवायचा, "पाड की एखादं भोक. फटफटी काय रडनार हाय?"

"ते ठावं न्हाई," गेनबा म्हणायचा. "पर आपन बांधल्यालं आपल्याला सोडता आलं पायजे."

अशा माणसाकडूनही रीत मोडली, ती कशी ते ऐका.

गेनबाची कीर्ती राणीसाहेबांच्या कानावर गेली. निरोप आला, की त्या स्वतः येणार आणि सगळ्यांत सुंदर वस्तू राजवाड्याच्या दिवाणखान्यात नेणार. गेनबाने दिव्यांचं झाड करायला घेतलं. धुराच्या नळ्यांचं खोड केलं, हँडलांच्या फांद्या केल्या. खोडाच्या मधोमध त्याने एक सिलिंडर बसवला. सिलिंडर म्हणजे इंजिनाचं काळीज. त्याच्या अंगाला एकावर एक लोखंडी पाकळ्या असतात. दिवे लावले की प्रत्येक पाकळीच्या कडेला उजेडाची रेघ उमटायची, जणू लोखंडाचं कमळ उमलतंय.

पण झाड किंचित डुलायचं. राणीसाहेबांसमोर ते डुललं तर? गेनबाने भट्टी पेटवली आणि पितळ वितळवून सिलिंडर खोडाला कायमचा जोडून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. झाड ताठ उभं राहिलं. चिमाने पाहिलं आणि नकळत हात जोडले.

राणीसाहेब येण्याच्या आदल्या सकाळी गेनबा झाडाला तेलाचा हात फिरवत होता. दारात एक मेंढका येऊन उभा राहिला. गावाबाहेर माळावर मेंढरांच्या कळपाशेजारी त्याचं पाल ठोकलेलं होतं. धावत आल्याने त्याला दम लागला होता.

"दादा, चालती फटफटी कुनाकडं हाय?"

"चालती? ती आता कुनाकडंच न्हाई. का रं?"

"कारभारीन अडलीया. मूल आडवं आलंय. आई म्हनती, घाटापल्याडची सुईन आली तरच दोघं वाचतील."

"चालत जाऊन आनायची म्हंजी उद्याचा दिस मावळंल."

मेंढक्याने मान हलवली. "तिला उद्या न्हाई, दादा. तिला आजचाच दिस हाय."

गावात घोडाही नव्हता. फटफट्या आल्या तेव्हा लोकांनी घोडे विकून टाकले होते. आणि कबुतराच्या पाठीवर सुईण बसत नाही.

गेनबा उंबऱ्यात उभा राहून गावाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हाय. चालती फटफटी हाय गावात. पर ती घरोघर टांगलीया."

तो पहिल्यांदा तेलीणकाकूंकडे गेला. घाटात भरदुपारीसुद्धा धुकं उतरतं, तेव्हा पुढचा दिवा हवाच होता.

"मेंढक्याची बायको?" तेलीणकाकू म्हणाल्या. "त्याच्याच मेंढरांनी माझी तूर खाल्ली. वर तोंड करून बोलला बी न्हाई." असं म्हणता म्हणता त्यांनी मोगऱ्याचं रोप मातीसकट उपसलं, पदरात धरलं आणि वाटी गेनबापुढे केली. "घेऊन जा. बघत काय ऱ्हायलास?"

शिंप्याने टाकी उतरवली. कपड्यांचे डाग काढायला ठेवलेली पेट्रोलची बाटलीही त्याने आणून दिली. "भोक न्हाई पाडलंस ते बरं केलंस," तो म्हणाला आणि या वेळी हसला नाही. कुणी झुंबराचं चाक आणलं, कुणी तोरणाची साखळी आणली, पोरांनी झोक्याचे टायर सोडून आणले. ट्यूब मिळेना, तर बायकांनी टायरात पेंढा ठासून भरला. ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिला स्वतःचं घर नव्हतं, भिंत नव्हती, आणि गावातल्या बहुतेकांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

चावडीपुढे फटफटी उभी राहू लागली. फक्त सिलिंडर मिळेना. होते ते गेनबाने उचलून पाहिले. एक तडकला होता, एक आतून खरवडला होता, बाकीचे गंजून दगड झाले होते.

"आलं का समदं?" शिंप्याने विचारलं.

गेनबाने हातातला गंजका सिलिंडर खाली ठेवला. गावात एकच चांगला सिलिंडर उरला होता आणि तो कुठे आहे हे त्याच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. 'सिलिंडर न्हाई' एवढंच तो म्हणाला असता, तर लोकांनी नशिबाला बोल लावला असता. त्याला कुणी काही म्हणालं नसतं. त्याने बाजूला पाहिलं. मेंढका मातीत उकिडवा बसला होता आणि फटफटीकडे असं बघत होता, जसं माणूस देवाच्या दाराकडे बघतो.

गेनबा घरी गेला आणि पेटीत हात घालून शोधू लागला.

"काय हुडकताय?" चिमाने विचारलं.

"करवत."

चिमा झाडाकडे बघून खाली बसली. "समदं कापायचं?"

"कापायचं येकच. पर पडंल समदं."

त्याने करवत लावली. पितळ चिवट होतं. त्याने स्वतःच ते तसं केलं होतं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि करवतीचा आवाज शेजारच्या घरांपर्यंत जात होता. शेवटी सिलिंडर सुटून त्याच्या हातात आला, आणि मागे दिव्यांचं झाड फांदी फांदी करत जमिनीवर आलं. गेनबाने वळून पाहिलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फटफटी पुरी झाली. अशी फटफटी कुणी पाहिली नव्हती. टाकीवर मोर, साखळीला घुंगरं, दिव्याच्या काचेवर हळदीकुंकू, वाटीच्या कडेला मोगऱ्याची ओली माती. गेनबाने किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. आत कुणीतरी खाकरल्यासारखं झालं. गाव श्वास रोखून उभं होतं. त्याने सिलिंडरवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि पुन्हा किक मारली.

आणि ती बोलली.

तो आवाज ऐकून म्हाताऱ्यांच्या पाठी ताठ झाल्या. ज्या पोरांनी तो कधी ऐकलाच नव्हता, ती आईच्या लुगड्यात शिरली. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईने खाली पाहिलं, तर पाणी थरथरत होतं. आपल्याच भिंतीवरचा दिवा, आपल्याच दारावरचं तोरण, आपल्याच आढ्याचं झुंबर घाट चढताना लोकांनी पाहिलं. ते धुक्यात दिसेनासं झालं तरी कुणी जागचं हललं नाही.

दिवेलागणीच्या आधी फटफटी परत आली. मागे सुईण आजी डोळे गच्च मिटून, गेनबाच्या सदऱ्याला धरून बसली होती. "आदी मला उतरवा," ती म्हणाली, "मग मी त्या बाळाला उतरवते."

सगळं गाव माळावर लांब उभं राहिलं. पालात कंदील लागला. कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एक बारीक, रागीट रडणं आलं, आणि पाठोपाठ आजीचा आवाज आला, "आई बी खुशाल हाय." तेलीणकाकूंनी पदरातला मोगरा छातीशी घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी राणीसाहेब आल्या. सजलेलं गाव बघायला आल्या होत्या, त्यांना उघड्या भिंती दिसल्या. गेनबाने मोडलेलं झाड पुढे ठेवलं आणि घडलं तसं सांगितलं. चावडीपुढे जाऊन राणीसाहेबांनी धुळीने माखलेल्या फटफटीवर हात ठेवला आणि ती सुरू करायला सांगितली. तो आवाज त्यांनी उभ्यानेच ऐकला. मग म्हणाल्या, "ही ठेवायला राजवाडा लहान पडेल," आणि रिकाम्या हाताने परत गेल्या.

फटफटी तिथेच राहिली, अडल्यानडल्याला घाटापार जात राहिली. कुणी आपला तुकडा परत मागितला नाही. मोडलेल्या झाडाच्या नळ्या गेनबाने जपून ठेवल्या, एखाद्या दिवशी लागतील म्हणून.

त्या गावात पाहुणा आला, की घरची बाई अजूनही त्याला आधी भिंतीवरचा मोकळा खिळा दाखवते आणि हळू आवाजात सांगते, "हितं आमचा दिवा होता."

तात्पर्य: दुसऱ्याच्या अडीअडचणीला जे भिंतीवरून काढून देता येतं, तेच घराचं खरं लेणं.