एका भट्टीच्या दोन घंटा

फार वर्षांपूर्वी युरोपातल्या एका नदीच्या दोन काठांवर दोन राजे होते. मथायस ओताऱ्याने एकाच भट्टीत घडवलेल्या दोन घंटा त्यांच्या चर्चमध्ये टांगलेल्या होत्या.

“देव माझंच ऐकतो,” अलीकडची घंटा म्हणे.

“म्हणूनच का समुद्रापारची मिरीची बेटं माझ्या राजाला मिळाली?” पलीकडची हिणवी.

त्या बेटांवरून राजेही असेच भांडले आणि युद्ध पेटलं. वितळवून तोफा ओतायला दोन्ही घंटा मथायसकडे आल्या.

“बायांनो, आता तरी गप्प बसा,” तो कळवळला.

“गप्प? आता आमचा आवाज समुद्रापार जाईल!” दोघी ताठ्यात म्हणाल्या.

तो आवाज गेलाही; तोफा होऊन दोघी त्या बेटांवर एकमेकींवर धडाडल्या.

मेलेल्यांसाठी घंटा वाजवायची तिथे रीत होती. युद्धात मुलं गमावलेल्या बापांनी दोन्ही काठांवर सवयीने दोरी ओढली. आवाजच आला नाही.