कोमट पाण्याचं वय

ते पौषात घडलं की माघात, हे रिसबूड सरांना आता नीट आठवत नाही. पाणी कोमट होतं, एवढं मात्र आठवतं. सोसायटीने सगळ्यांच्या बाथरूममध्ये गरम-गार पाणी एकाच तोटीतून देणारे नवे मिक्सर बसवले आणि तेव्हापासून गिझर लावूनही कढत पाणी येईना. कढत पाण्याने शेकल्याशिवाय त्यांच्या पत्नीचे, सुमतीबाईंचे, गुडघे वळत नसत.

सरांनी तक्रार केली तेव्हा अध्यक्ष दाभाडकर स्वतः आले. ते निवृत्त मुख्य अभियंता, आणि काम त्यांच्याच देखरेखीखाली झालेलं. बादलीत बोट बुडवून ते म्हणाले, "पाणी उत्तम आहे, सर. सत्तरीनंतर कातडीला ऊन-गार कळत नाही. वयाचा दोष कामावर ढकलू नका."

सर तर्कशास्त्राचे प्राध्यापक, पण स्वतःवर भरवसा कमीच. त्यांना ते क्षणभर पटलंही. मग चाचरत त्यांनी गिझरला पाणी पुरवणारी चावी बंद केली आणि बेसिनचा गरम पाण्याचा नळ सोडला. आता तो कोरडा पडायला हवा होता. तो वाहतच राहिला.

"गिझरचं पाणी तर बंद केलं, साहेब," सर हळूच म्हणाले. "मग हे माझ्या वयातून येतंय का?"

दाभाडकर वाकून मिक्सर तपासू लागले. मिक्सरमधून गार पाणी गरम पाइपात शिरत होतं. दुसऱ्या दिवशी मिक्सर बदलला आणि सुमतीबाई गुडघे शेकून बागेत फिरून आल्या.

बऱ्याच वर्षांनी दाभाडकरांच्या सुनेकडून सरांनी एका गोष्टीची खात्री करून घेतली. त्या दिवशी साहेबांनी घरी जाऊन आधी स्वतःच्या गिझरची चावी बंद केली होती. तिथेही नळ वाहतच राहिला. तोवर त्यांना वाटत होतं, आपलंच वय झालं.