आईला काय जमत नाही

एकदा एक व्यापारी तणतणत आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला. आईच्या म्हातारपणीच्या देखभालीसाठी त्याने विमा उतरवला होता आणि हप्ते कधी चुकवले नव्हते. आता आई थकली, म्हणून घरी मदतनीस बाई ठेवण्याचा खर्च त्याने मागितला. कंपनीने सरळ नकार दिला.

"त्यांचा माणूस तपासायला आला," व्यापारी म्हणाला, "तर आई ठेवणीतली इरकली नेसून बसली. भिंतीला धरून उठली, त्याला चहा करून दिला, आणि वर म्हणाली, 'मला काय धाड भरलीय? माझं सगळं मीच करते.' मग कोण पैसे देईल? आईनंच घात केला."

"तो विमा मिळतो कशावर?" गुरुजींनी विचारले.

"ते कागदात असेल की."

गुरुजी त्याच्याबरोबर घरी आले. कागद त्यांनी मागितलाच नाही. आईसमोर खुर्चीवर बसून ते व्यापाऱ्याला म्हणाले, "बाळा, ही सदऱ्याची बटणं लाव बघू. बोटं थरथरतात, अलीकडे मला जमत नाही."

एवढा मोठा माणूस आईदेखत असे सांगतो, याचा व्यापाऱ्याला संकोच वाटला. तरी त्याने बटणे लावली.

आई बघत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मलाही तांब्या उचलवत नाही हो. लुगडं पलंगावर बसून कसंबसं गुंडाळते. परवा न्हाणीत पडले, कुणाला बोलले नाही."



गुरुजी व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "अंघोळ, कपडे, जेवण, चालणं, शौच यांतलं काय आपलं आपल्याला होत नाही, यावर असा विमा मिळतो. कागद उघडला असतास तर एवढं कळलं असतं. पण तुझ्या आईला काय होत नाही, ते कागदात कसं असेल? परक्यापुढे हतबलता सांगायची आपल्याकडे रीत नाही. तिने घात केला नाही रे, तुझ्या घराची अब्रू राखली. आता फेरतपासणी माग, आणि त्या दिवशी दुकान बंद ठेव."

फेरतपासणीच्या वेळी व्यापारी आईला खेटून बसला. "अंघोळ स्वतः करता का?" या कंपनीच्या माणसाच्या प्रश्नावर तिने आधी मुलाकडे पाहिले. त्याने तिचा हात हातात घेतला.

"नाही होत आता," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. व्यापाऱ्याला मात्र रडू आवरेना.

आईवडिलांच्या नावाचा असा कागद घरात असेल, तर तो त्यांच्याजवळ बसून वाचावा.