नखीच्या मापाचे बूट

उंच उंच डोंगर. डोंगरावर पांढरा बर्फ. बर्फाखाली ऊबदार बीळ. बिळात राहायची एक उंदरी. अगदी नखाएवढी, म्हणून नाव नखी.

बाबांनी नखीला नवे बूट आणले. लाल लाल. पण केवढे मोठे! बाबा म्हणाले, वाढत्या मापाचे आहेत, पुढच्या थंडीतही होतील. त्यांनी बुटात पुढे कापूस कोंबला. नखी चालली. खुळुक खुळुक, खुळुक खुळुक. पाय पुढे, बूट मागे.

आज टेकडीवर घसरगुंडी होती. सगळी पिल्लं निघाली. नखीही निघाली. तिने पाय उचलला. पाय वर आला, बूट खालीच राहिला. बर्फाने बूट केला गट्टम.

आईने उघड्या पायाला फडकं गुंडाळलं. म्हणाली, "दोन पायांत दोन बूट, तरच घसरायचं. जा साळिंदरकाकांकडे."

नखी निघाली. टप फत, टप फत.

साळिंदरकाका बूट शिवायचे. सुया त्यांच्या पाठीवरच.

"साळिंदरकाका, साळिंदरकाका, माझ्या मापाचे बूट शिवा."

काकांनी पानावर नखीचे पाय ठेवले. भोवती कोळशाची रेघ मारली. म्हणाले, "आत लोकर हवी. लोकर आण, मग शिवीन."

टप फत, टप फत.

"मेंढीमावशी, मेंढीमावशी, लोकर दे. काका बूट शिवत नाहीत, मग मी घसरू कशी?"

मावशी म्हणाली, "मला लागलीय भूक. गवत आण, मग देईन."

टप फत, टप फत.

"गवतदादा, गवतदादा, वर ये. मावशी लोकर देत नाही, काका बूट शिवत नाहीत, मग मी घसरू कशी?"

गवत बर्फाखालून म्हणालं, "मला वाजतेय थंडी. ऊन आण, मग येईन."

टप फत, टप फत.

"ऊनताई, ऊनताई, खाली ये. गवत वर येत नाही, मावशी लोकर देत नाही, काका बूट शिवत नाहीत, मग मी घसरू कशी?"

ऊन म्हणालं, "ढग बसलाय आडवा. त्याला हलव, मग येईन."

टप फत, टप फत.

"ढगोबा, ढगोबा, बाजूला हो. ऊन खाली येत नाही, गवत वर येत नाही, मावशी लोकर देत नाही, काका बूट शिवत नाहीत, मग मी घसरू कशी?"

ढग म्हणाला, "मी आहे जाडा. वारा ढकलेल, मग हलेन."

टप फत, टप फत.

"वारेदादा, वारेदादा, ढगाला ढकल. ढग बाजूला होत नाही, ऊन खाली येत नाही, गवत वर येत नाही, मावशी लोकर देत नाही, काका बूट शिवत नाहीत, मग मी घसरू कशी?"

वारा बसला होता रुसून. म्हणाला, "मला वाजवायला काहीच नाही. वाजवायला दे, मग ढकलीन."

नखीने इकडे पाहिलं. बर्फ. तिकडे पाहिलं. बर्फच बर्फ. मग तिने खाली पाहिलं. पायात एक बूट. लाल लाल. नवा नवा. एक तर हरवला, आता हाही द्यायचा? नखीला रडू आलं. तिने डोळे पुसले. बूट काढला, कापूस काढला. कापूस पायाला गुंडाळला आणि बूट वाऱ्याला दिला.

वाऱ्याने बुटात फुंकलं. भोंऽऽ! भोंऽऽ! वाऱ्याला बूट अगदी बरोबर झाला. वाऱ्याला मोठाच हवा होता.

मग काय!

वाऱ्याने ढग ढकलला. ढग बाजूला झाला. ऊन खाली आलं. नखी म्हणाली, "ऊनताई, थोडंच ये हं. घसरायला बर्फ ठेव." ऊन हसलं, टोपलीएवढंच पडलं. गवत वर आलं. गवताने शेंडे दिले. मावशीने शेंडे खाल्ले. मावशीने लोकर दिली. काकांनी बूट शिवले. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक.

नखीने बूट घातले. बाबाही बघायला आले.

काका म्हणाले, "बोटं हलव."

वळवळ वळवळ. बोटं हलली.

"आता चाल."

टप टप, टप टप. टाच उचलली, बूटही उचलला.

काकांनी पुढे दाबून पाहिलं. बोटांपुढे थोडी जागा. तेवढीच हवी.

बाबा हळूच म्हणाले, "पण पुढच्या थंडीत लहान होतील ना?"

नखी म्हणाली, "बाबा, मला आज घसरायचंय."

मग बाबांनी नखीला खांद्यावर घेतलं आणि थेट टेकडीवर नेलं.

वाऱ्याने बूट वाजवला. भोंऽऽ!

सुर्रर्रर्र! नखी घसरली. पाय बुटात, बूट पायात. एकही निसटला नाही. खाली येऊन नखी ताठ उभी राहिली. नखाएवढी नखी केवढी मोठी दिसली!

बाबांची छाती फुगली. ते ढगाला म्हणाले, उन्हाला म्हणाले, सगळ्या सगळ्यांना म्हणाले, "बघा, ही माझी नखी. आणि हे तिच्या मापाचे बूट."

बूट बसले पायात, गोष्ट बसली कानात.