वकिलाच्या जोड्यांचा चिखल

फार फार वर्षांमागं, सात समुद्रांपल्याड एक नवं राज्य होतं. इतकं नवं, की राजाला घालवून दिल्यावर आता दोष कुणाला द्यायचा, हेच लोकांना कळेना.

त्या राज्यात एक वकील होता. तिथले न्यायाधीश गावोगाव फिरत आणि झाडाखाली बसून न्याय करीत. त्यांच्यामागून हा आपल्या म्हाताऱ्या घोडीवर बसून जायचा. त्याची एक सवय होती. भांडण ज्या जमिनीचं, तिच्यावर पाय ठेवल्याशिवाय तो खटला घ्यायचा नाही. घरी बायको ओरडायची, "अहो, निम्मं गाव जोड्यांना लावून आणलंत!" पण तो बोलायला उभा राहिला, की न्यायाधीशांनाही बांध न् ओढा डोळ्यांपुढं दिसायचा.

लोकांना वाटलं, असा माणूस राज्याच्या सभेत हवा. तिथली रीत अशी, की एकेका पुरुषानं पुढं यायचं आणि आपल्या माणसाचं नाव मोठ्यानं सांगायचं. बायकांना मत नव्हतं. नदीवर पीठ दळणाऱ्या पाणचक्कीवाल्यानं आणि त्याच्या चाळीस माणसांनी गळा ताणून वकिलाचं नाव घेतलं. वकील निवडून आला.

राजधानीत गालिचे होते. जोडे चकचकीत झाले. एके दिवशी पाणचक्कीवाला आला. म्हणाला, "उन्हाळ्यात नदी आटते, चक्की थांबते, लोकांना पीठ मिळत नाही. मला हवा तितका उंच बंधारा घालू द्या."

बोलणं खोटं नव्हतं. वकिलानं बसल्या बैठकीत कायदा लिहिला. सभेनं टाळ्या वाजवल्या.

दारात बांधलेली घोडी तेवढी म्हणाली, "धनी, तीन महिने माझ्या खुरांना चिखल लागला नाही. एकदा नदी बघून येऊ या."

"अगं, नदी कागदावर दिसते की!" वकील हसला.

वर्ष सरलं. सभा उठली आणि वकील पुन्हा गावांकडं निघाला. वाटेत एका विधवा बाईनं घोडीचा लगाम धरला. "वकीलभाऊ, आधी माझं शेत बघा."

शेतात तो गुडघ्यापर्यंत बुडाला. मका उभ्याउभ्या कुजला होता. बंधारा उंच झाला, तसं नदीचं पाणी मागं तुंबून तिच्या रानात शिरलं होतं.

"एवढाच तुकडा आहे मला. हा गेला, की गाव सोडायचं," ती म्हणाली. "चक्कीवाला म्हणतो, कायदाच तसा आहे."

"कुठल्या मूर्खानं केला हा कायदा?"

बाईनं नुसतं त्याच्याकडं बोट केलं. वकिलाचे कान तापले.

तरी तो झाडाखाली तिच्या बाजूनं उभा राहिला. जीव तोडून बोलला. न्यायाधीशांनी शांतपणे कायदा वाचून दाखवला. "हे शब्द कुणाचे?"

"माझेच."

"मग मी तरी काय करू?"

वकील खटला हरला. तिथंच चक्कीवाल्यानं त्याला गाठलं. "झालं ते झालं. कायद्याला हात लावू नका. निवडणूक जवळ आलीय, आणि माझ्या चाळीस माणसांना चाळीस गळे आहेत."

पण वकील सभेच्या पुढच्या बैठकीला तसाच चिखलाच्या जोड्यांनी गालिच्यावर गेला. सगळे नाक मुरडू लागले. तो म्हणाला, "हा चिखल माझ्या कायद्यानं केलाय. शेतात न जाता मी तो लिहिला, ही माझी चूक." त्यानं कायदा बदलून घेतला. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांची संमती नसेल, तर बंधारा उंच करायचा नाही, आणि केलेला असेल तर उतरवायचा, असं ठरलं.

निवडणूक आली. वकील तिथंच उभा होता. चाळीस माणसांनी एकामागून एक, त्याच्या तोंडावर, दुसऱ्याचं नाव घेतलं. तो पडला.

कुंपणापाशी ती बाई उभी होती. म्हणाली, "मला मत असतं ना भाऊ, तर तुमचं नाव राजधानीत ऐकू गेलं असतं!"

वकील घोडीवर बसला. घोडीनं विचारलं, "आता कुठं, धनी?"

"जिथं चिखल असेल तिथं."

पुढच्या हंगामात बाईच्या रानात पुन्हा मका डोलला. आणि सभेत एक रीत पडली. नवा कायदा घेऊन कुणी उभा राहिला, की म्हातारे सभासद आधी त्याच्या जोड्यांकडं बघायचे.

म्हणून सांगते बाळांनो, ज्यांच्या शेतातून आपला हुकूम जाणार, त्यांच्या बांधावर आधी आपण उभं राहून यावं.