बक्षीस आधी, रिव्हर्स मागून

निमगिरीच्या सरकारांची जुनी बस हत्तीखान्याच्या भिंतीला नाक लावून उभी होती आणि तिचा रिव्हर्स गिअर काही केल्या पडत नव्हता. दोन्ही अंगांना दगडी भिंती, वळायला जागा नाही. निघायचं तर मागेच! गेनबा ड्रायव्हरने क्लच दाबून दांडा ओढला, की आतून असा खरखराट उठे की हत्तीण कान हलवायचं विसरून जाई.

पुढचे गिअर कुरकुरत का होईना, पडत होते. म्हणून दसऱ्यापासून गेनबाने मागे जायची वेळच येऊ दिली नव्हती. वळायचं असलं की तो अख्ख्या गावाला फेरी मारून यायचा आणि लोकांना वाटायचं, सरकारांची हौस! पण आज शेजारी बसलेल्या सरकारांना हत्तिणीला मोटार दाखवायची लहर आली, आणि बस या बोळात शिरली.

आता संध्याकाळच्या आगगाडीने सरकारांचे नवे व्याही उतरणार होते. त्यांना स्टेशनावरून आणायचं ते याच बसमधून.

लोक ढकलायला धावले. सरकारांनी त्यांना जागीच थांबवलं. "खांदा द्यायला ही काय तिरडी आहे?"

माहुताने हळूच विचारलं, हत्तीण जुंपू का? त्यावर सरकार म्हणाले, हत्तिणीनेच ओढायची होती तर मोटार घेतली कशाला? मग कोणीतरी पान्याचं नाव काढलं आणि सरकार लालबुंद झाले. मागे शहरातून आणलेल्या मिस्त्रीने गिअरबॉक्स खोलून पुन्हा बंद केला, तर मूठभर नटबोल्ट उरले होते. ते अजून सरकारांच्या मेजावर कागद दाबायच्या कामी येत.

"ढकलायचं नाही, ओढायचं नाही, खोलायचं नाही," सरकारांनी हुकूम सोडला. "दिवस मावळायच्या आत बस बाहेर आली पाहिजे. नाही आली तर गेनबा, किल्ली ठेवायची आणि उलट्या पावलांनी घर गाठायचं. नोकरी संपली."

गेनबाच्या तोंडचं पाणी पळालं. बस हाकण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, आणि यायला हवं असं आजवर वाटलंही नव्हतं.

तेवढ्यात त्याची बायको हौसा भाकरी घेऊन आली. नवऱ्याचं तोंड बघून तिने गाठोडं तसंच खाली ठेवलं आणि खोडी कधी सुरू झाली ते विचारलं. दसऱ्यापासून, असं कळल्यावर ती टपकन ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसली. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"दसऱ्याला हितं नवं काय आलं?"

गेनबाने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग कुजबुजत सांगितलं, की दसऱ्यापासून सरकार पुढे बसू लागले. त्यांच्या पायाला पत्रा लागू नये म्हणून आजोबांच्या दरबारी गालिच्याचा भलामोठा तुकडा कापून पार ड्रायव्हरच्या बाजूपर्यंत खाली अंथरला. इतका मऊ, की पाय घोट्यापर्यंत रुततो. गेनबालाही चपला उतरवूनच बसावं लागतं. 'चिखल लागेल' एवढंच दिवाणजी बोलून गेले, तर त्यांना महिनाभर अनवाणी फिरवलं!

हौसाने तोंडाला पदर लावला. हसू काही आवरेना. "अवं, दारात पोतं अडकल्यावर कडी लागती का?"

गेनबाला ओ की ठो कळलं नाही. तो भाकरीकडे बघत राहिला आणि ही बया सरळ सरकारांसमोर जाऊन उभी!

"सरकार, गिअर पाडून देते. पण बक्षीस आधी घेणार."

"आधी? काम न करताच?"

"काम झाल्यावर सरकार खूश हुतील, भलतंच थोर काहीतरी देऊन बसतील. मला बारकंच पायजे."

सरकारांना मजा वाटली. चारचौघांत त्यांनी शब्द दिला. हौसा म्हणाली, "ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा द्या. लेक रांगायला लागलीया. भुई टोचती तिला."

दिवाणजींनी नकळत स्वतःच्या पायांकडे पाहिलं. सरकारांच्या मिशा थरथरल्या, पण शब्द गेला तो गेला. गालिचा घे म्हणाले. मात्र गिअर पडला नाही तर नवराबायको दोघांनी उलटं चालत जायचं!

हौसाने गालिचा ओढून काढला, गुंडाळला, काखेत मारला आणि नवऱ्याला चपला घालून बसायला सांगितलं. गेनबाने देवाचं नाव घेऊन क्लच दाबला. पाय खाली गेला. अजून खाली गेला! पार पत्र्याला टेकला. त्याने दांडा ओढला, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. बस ऐटीत मागे सरकू लागली. गेनबा आनंदाने ओरडला, हत्तीण ओरडली, आणि सरकार पगडी सावरत बसबरोबर धावू लागले.

"अगं, पण तू दुरुस्ती केलीस कुठे?"

"ही काय, माझ्या काखेत!" हौसा म्हणाली. "गालिचा जाड, म्हणून क्लच पुरता दबत नव्हता. ह्यांना वाटायचं पाय टेकला. टेकायचा तो गालिच्याला!"

दिवाणजींनी हळूच चपला काढून हातात घेतल्या. सरकारांनी हौसाकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं, आणि एकदम असे हसत सुटले की पगडी हत्तिणीच्या पुढ्यात जाऊन पडली.

"म्हणजे आमच्या मोटारीला आम्हीच आडवे आलो होतो! आणि ते तोंडावर न सांगता आमच्याकडूनच बक्षीस घेऊन गेलीस! दिवाणजी, दरबारातला उरलेला गालिचाही हिच्या घरी पोचवा. त्याची रिकामी जागा बघून आम्हाला रोज हसू येईल. आणि हौसाबाई, तुम्ही बसा आमच्या जागेवर, व्याह्यांना आणायला चला."

हौसा ऐटीत पुढे बसली, सरकार मागच्या बाकावर. बस बोळातून उलटीच निघाली, वेशीबाहेर पडली, तरी वळण्याचं नाव घेईना. सरकारांनी विचारलं, गेनबा, आता सरळ का घेत नाहीस?

"ऱ्हाऊ द्या सरकार," गेनबा मागे मान वळवून म्हणाला, "लई दिवसांनी पडलाय!"

आणि सरकारांची बस, आत सरकार पोट धरून हसत असताना, थेट स्टेशनापर्यंत उलटीच गेली.