कासवाचे ‘बघू’

ओढ्याकाठच्या एका टेकाडात एक घूस राहत असे. टेकाडात बिळाला बीळ लागून होते. एकाची भिंत तीच शेजाऱ्याची भिंत, एकाचे छत तीच वरच्याची जमीन. म्हणून तिथे एक नियम होता: कारभारी कासवाला विचारल्याशिवाय कोणी नवी खोली खणायची नाही. कासवाने होकार दिला, की म्हातारे साळिंदर येई, भिंतीला कान लावी, नखाने टकटक करी आणि कुठे खणायचे ते दाखवी. नियम चांगला होता, मुलांनो. वाईट होती ती कासवाची सवय. कोणाचे मन दुखवायला नको, म्हणून ते कधीच ‘नाही’ म्हणत नसे. नाही म्हणायची वेळ आली की ते म्हणे, ‘बघू.’ जुन्या रहिवाशांना हे ठाऊक होते. घूस मात्र गेल्याच वर्षी ओढ्यापलीकडून राहायला आली होती, आणि तिकडे नाही म्हणायचे असले तर सगळे तोंडावर नाही म्हणत.

घुशीची म्हातारी, आंधळी आई अजून पलीकडेच होती. तिच्या बिळाची कड ओढा रोज थोडी थोडी खात होता. घूस कासवाकडे गेली.

“कासवकाका, आईला इकडे आणायचंय, आणि माझ्या बिळात दोघींना जागा पुरत नाही. माझ्या बिळाच्या उजव्या अंगाला एक खोली काढू का?”

उजव्या अंगाला मुंगसाचे घर होते आणि मधली भिंत पातळ होती, हे कासवाला माहीत होते. पण आंधळ्या आईसाठी खोली मागणाऱ्या लेकीला नाही कसे म्हणायचे? “बघू,” ते म्हणाले.

“म्हणजे हरकत नाही ना?”

“बघू म्हटलं ना, पोरी.”

घूस आनंदाने घरी गेली आणि आईच्या काळजीने साळिंदराची वाटही न बघता दुसऱ्या दिवशी सकाळीच माती उकरू लागली. भिंतीपलीकडे मुंगसाला खरखर ऐकू येत होती. साळिंदर काही आले नाही, हेही त्याने पाहिले होते. दोन पावले चालून त्याने विचारले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते मनात म्हणाले, “होऊ दे पुरी. मग सभेत हिला धरतो.”

खोली पुरी झाली. घुशीने आईला शेपटी धरायला लावली आणि उथळ पाण्यातून तिला अलीकडे आणले. आईने चारही भिंती नाकाने हुंगल्या. “कोरडी आहे गं,” ती म्हणाली आणि किती तरी दिवसांनी निवांत झोपली.

पौर्णिमेच्या सकाळी सभा भरली. मुंगूस उभे राहिले. “घूसताईंनी महाल बांधलाय, मंडळी. परवानगी कोणाची घेतली, एवढंच विचारायचंय.”

“काकांची,” घूस म्हणाली. “मी विचारलं होतं. ते ‘बघू’ म्हणाले.”

सभेत हशा पिकला. “अहो ताई,” मुंगूस म्हणाले, “बघू म्हणजे नाही. इथली पोरंसोरं पण सांगतील.”

“नाही म्हणायचं होतं, तर नाही का म्हटलं नाही? आणि मुंगूसभाऊ, तुम्हाला पहिल्या दिवसापासून खरखर ऐकू येत होती. तुम्ही का बोलला नाहीत?”

आता कोणी हसले नाही. खोली बुजवावी, असे सगळ्यांचे मत पडले. पण आई सभेच्या कडेला बसली होती, आवाज येईल तिकडे तोंड वळवत होती. कासवाने तिच्याकडे पाहिले आणि मान कवचात ओढली. “पुढच्या सभेत बघू,” ते म्हणाले.

पुढच्या सभेपर्यंत भिंत थांबली नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती मुंगसाच्या घरावर कोसळली, आणि घुशीच्या नव्या खोलीचे छतही तिच्यामागून खाली आले. सगळ्यांनी मिळून माती उपसली. आई निघाली, मुंगूसही निघाले, दोघांना खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. पण मुंगसाच्या घराच्या जागी नुसता ढिगारा उरला होता आणि ते त्याच्यासमोर बसून राहिले होते.

“कोणाचं घर पडलं?” आईने विचारले. घुशीने सांगितले. आई म्हणाली, “शेपटी दे. मला माझ्या बिळात पोचव.”

“आई, तिकडे पाणी वाढतंय.”

“वाढू दे. दुसऱ्याचं घर पाडून मला इथे झोप यायची नाही.” घुशीने पुष्कळ विनवले. आईने ऐकले नाही. शेवटी घूस तिला पोचवून एकटीच परत आली.

संध्याकाळी साळिंदर आले. ढिगारा ओलांडून ते घुशीच्या डाव्या भिंतीपाशी गेले, कान लावला, टकटक केली. “या बाजूला माती जाड आहे, आणि शेजाऱ्याच्या अलीकडे खडक आहे,” ते म्हणाले. “इथे चार खोल्या काढल्यास तरी शेजाऱ्याला कळणार नाही. एकदा बोलवायचं होतं मला.”

“आजोबा, तुम्हाला बोलवायचं तर होकार लागतो,” घूस म्हणाली. “होकार कधी मिळाला नाही. आणि नकारही नाही.”

कासव मागेच उभे होते. “डावीकडे खण,” ते म्हणाले. “परवानगी आहे. आधी नाही म्हणायला हवं होतं मी. तू रागावली असतीस, पण मग दुसरी जागा कुठे, असं तरी विचारलं असतंस.”

तीन दिवसांत खोली झाली. माती उपसायला मुंगूसही आले. चौथ्या दिवशी पहाट फुटताच घूस पळत पळत ओढ्यावर गेली. पाणी फुगले होते. ती कशीबशी पोहून पलीकडे पोचली आणि काठाकाठाने बीळ शोधू लागली. जिथे बीळ होते, तिथून आता ओढा वाहत होता.

तात्पर्य : ज्याला नकार द्यायचा आहे त्याने तो वेळेवर, स्पष्ट आणि कारण सांगून द्यावा, आणि ज्याची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून आहे त्याने स्पष्ट होकार ऐकल्याशिवाय माती उकरू नये.